रिकाम्या खुर्चीचं म्हणणं

नाटक अर्ध्यावर सोडून उठणं हा आपल्याकडे अजूनही उद्धटपणा समजला जातो. पुस्तक आवडलं नाही तर माणूस ते पन्नासाव्या पानावर मिटतो आणि पुन्हा उघडत नाही. मालिका रटाळ झाली की चॅनल बदलतो. त्याला कोणी जाब विचारत नाही. नाटकाच्या मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेकडे न वळता सरळ पार्किंगकडे निघालेल्या माणसाकडे मात्र लोक वळून बघतात. घरी काही अडचण आली असेल, कुणाला बरं नसेल, अशी कारणं त्याच्या वतीने शोधतात. नाटक आवडलं नाही म्हणून तो चालला असेल, हे सगळ्यात शेवटी मनात येतं आणि आलं तरी रुचत नाही. तिकिटाचे पैसे वाया गेले, कलावंतांचा अपमान झाला, आणि दुसऱ्या अंकात नाटक उचल घेणारच नाही हे याला कुणी सांगितलं, असे तीन आक्षेप त्याच्यासाठी तयार असतात.

हे तिन्ही आक्षेप मला महत्त्वाचे वाटतात, कारण नाटक ही माझ्या घरातली गोष्ट आहे. तरीही माझं मत आता पक्कं झालं आहे. मध्यंतरात उठणं हा प्रेक्षकाचा हक्क आहे आणि तो जाणतेपणाने बजावला तर त्यात नाटकाचंच भलं आहे.

उठून जाणारा प्रेक्षक ही काही आजची गोष्ट नाही. कोकणातल्या जत्रेत दशावतार रात्रभर चालतो. देवळासमोर बसलेला माणूस मध्येच उठतो, चहा पिऊन येतो, घरच्यांसाठी खाजं बांधून घेतो, पेंगणाऱ्या पोराला मांडीवर आडवं करतो आणि युद्धाचा प्रसंग आला की पुढे सरकून बसतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. तीही रात्री उशिरा सुरू होऊन पहाटे संपतात. मंडईच्या, म्हणजे तिथल्या जत्रेच्या, निमित्ताने एकाच गावात एकाच रात्री एकापेक्षा जास्त नाटकं लागतात. कुठला मंडप शेवटपर्यंत भरलेला होता आणि कुठल्या मंडपातून माणसं उठून गेली, याची चर्चा दुसऱ्या दिवशी गावात होतेच. नाटकावर जीव टाकणारी हीच माणसं उठूनही जातात. त्यांच्या लेखी या दोन गोष्टींत विरोध नाही.

संगीत नाटकाच्या काळातला शहरी प्रेक्षकही गप्प बसणारा नव्हता. 1911 चं ‘मानापमान’ घ्या किंवा 1916 चं ‘स्वयंवर’. बालगंधर्वांच्या पदांना पुन्हा पुन्हा वन्स मोअर मिळायचे आणि प्रयोग लांबत लांबत पहाटेला टेकायचा. आवडलेलं ओरडून सांगितलं जायचं, तसंच न आवडलेलंही. पाच अंकी नाटकात शेवटचा पडदा पडण्याआधी चार वेळा पडदा पडायचा, म्हणजे उठायच्या संधीही चार. 1933 साली नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणलं. नाटक आटोपशीर झालं, गाणी मोजकी आणि प्रसंगाला धरून आली. पुढे तीन अंक रूढ झाले आणि काही दशकांनी त्या तिनाचे दोन. आजचं व्यावसायिक नाटक म्हणजे दोन अंक आणि मधे एक मध्यंतर. प्रेक्षकाला उठण्याची जागा एकच उरली आहे.

बोलण्याच्या जागाही जवळजवळ संपल्या आहेत. अंधारात आपण शांत बसतो, हे चांगलंच झालं. नटाने हलक्या आवाजात टाकलेला शब्दही त्यामुळे मागच्या रांगेपर्यंत पोचतो. पण शेवटचा पडदा पडताना जे होतं ते मला अस्वस्थ करतं. पुढची रांग उभी राहते, मग तिच्यामागची, आणि बघता बघता सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत असतं. एके काळी एखाद्या नटाला आयुष्यात मोजक्या वेळा मिळणारा हा मान आता रविवारच्या कुठल्याही प्रयोगाला मिळतो. जिवापाड मेहनत घेऊन बसवलेल्या नाटकालाही तोच आणि कसंबसं उरकलेल्या नाटकालाही तोच. यात नुकसान होतं ते चांगल्या नाटकाचं. ज्या नटाने एका वाक्यातला एक विराम सापडेपर्यंत महिनाभर तालमी केल्या, त्याला द्यायला आपल्याकडे वेगळं काही शिल्लकच राहत नाही.

अशा वेळी प्रेक्षकाचं खरं मत कळायची एकच खूण उरते. मध्यंतरानंतर किती खुर्च्या रिकाम्या राहिल्या, ही.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी दुपारी साडेबाराच्या प्रयोगाला मी मामांना घेऊन गेले होते. मामांनी उमेदीची वर्षं पडद्यामागे काढली. सेट लावायचा, प्रयोग संपला की उतरवायचा, टेम्पोत भरायचा, नाटकाच्या बसमध्ये बसल्या बसल्या झोपायचं आणि सकाळी दुसऱ्या गावात तोच सेट पुन्हा उभा करायचा, हे त्यांचं काम. आता गुडघे साथ देत नाहीत, पण नाटकाला जायचं म्हटलं की इस्त्रीचा शर्ट घालून तासभर आधी दारात उभे असतात. त्या दिवशी आम्हाला पाचव्या रांगेतल्या कडेच्या खुर्च्या मिळाल्या होत्या. नाटक कौटुंबिक होतं. मालिकांमुळे घराघरात पोचलेले दोन चेहरे त्यात होते. तिसरी घंटा झाली तेव्हा सभागृह जवळजवळ भरलं होतं.

पहिल्याच प्रसंगात बऱ्याच वर्षांनी परदेशातून आलेला मुलगा सोफ्यावर बसलेला आणि आई आतून ट्रेमध्ये चहाचे दोन कप घेऊन येते. ती आली आणि मागचं दार ओढून घ्यायला वळली. वळताना ट्रे चांगलाच कलला. कप घसरत कडेपर्यंत आले, पण कशातून काही सांडलं नाही. मुलाने कप उचलला. बोलता बोलता हात हलवला, तेव्हा कपाचं तोंड आमच्याकडे झालं. आत पांढरास्वच्छ, कोरडा कप. तो त्याने ओठांना लावला, डोळे मिटले, आईच्या हातच्या चहाची आठवण परदेशात किती यायची ते सांगितलं आणि कप खाली ठेवला. आईने पदर डोळ्यांना लावला. पार्श्वसंगीत वाढलं. या भेटीवर सगळं नाटक उभं राहणार होतं.

पुढे फोन वाजण्याआधीच उचलला गेला आणि उचलल्यावर वाजला. लोक हसले. ते हसले म्हणून त्या नटाने शहरातल्या खड्ड्यांवर आणि वाहतूक कोंडीवर पदरचे दोन विनोद टाकले. त्याची सहकलाकार पाठ वळवून खांदे हलवत हसू लागली आणि त्या हसण्यालाही टाळ्या पडल्या. दरम्यान, ज्या बहिणीच्या मोडलेल्या संसाराची गोष्ट चालली होती ती बिचारी सोफ्याच्या टोकाला ताटकळत बसली होती. तिचं काम करणारी मुलगी मात्र नवी होती आणि मनापासून करत होती. आपलं वाक्य यायच्या आधी ती श्वास घेत होती, समोरचा बोलत असताना खरोखर ऐकत होती. ती रागाने आत गेली आणि तिने दार आपटलं, तेव्हा दारासकट सगळी भिंत हलली. मामा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “दाराला मागून टेकू नाही दिलेला.”

लोक हसत होते, याबद्दल माझी तक्रार नाही. आठवडाभर राबून माणसं नाटकाला येतात, ओळखीचा चेहरा बघून त्यांना आनंद होतो, तो त्यांच्या हक्काचाच आहे. मला दुखत होतं ते दुसरंच. रंगमंचावरच्या माणसांचा आपल्या गोष्टीवरच विश्वास नव्हता. कपात चहा घालायला पाच मिनिटंही लागत नाहीत. तो घातला असता तर आईला ट्रे सांभाळून चालावं लागलं असतं, मुलाला घोट गिळेपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि त्या थांबण्यात त्यांच्यातली इतक्या वर्षांची ताटातूट आम्हाला दिसली असती. संगीताची गरजही पडली नसती. चहा नाही म्हटल्यावर काळजी घ्यायला काही उरलं नाही, आणि कपाची काळजी संपली तशी वाक्यांची, पात्रांची आणि शेवटी आमचीही संपली.

पडदा पडला, दिवे लागले. मामा काही वेळ तसेच बसून राहिले. मग म्हणाले, “चहा होता का गं कपात?”

“नव्हता, मामा.”

“मला वाटलं, माझ्याच डोळ्यांना दिसेना.”

“निघायचं का?” मी विचारलं. ते नाही म्हणतील असंच वाटलं होतं. पडद्यामागच्या माणसांचे कष्ट त्यांनी स्वतः उपसले आहेत. नाटकवाल्यांबद्दल घरात कोणी वाकडं बोललेलं त्यांना खपत नाही. पण ते काठी टेकून उठले आणि म्हणाले, “निघू. त्यांना कळायला हवं.”

बाहेरच्या व्हरांड्यात बसल्यावर त्यांनी मला सांगितलं की, दुसऱ्या अंकाचा पडदा उघडण्याआधी पडद्याच्या फटीतून सभागृह बघायचं, हे त्यांच्या मंडळींत ठरलेलंच असे. पहिल्या अंकाआधी बघायचे ते गर्दी किती आहे हे कळायला. दुसऱ्या अंकाआधी बघायचे ते किती खुर्च्या रिकाम्या झाल्या हे कळायला. पाचव्या रांगेतले दोघे, बाल्कनीतलं एक कुटुंब. कोणी काही बोलत नसे, पण दुसऱ्या अंकात सगळे सावध होत. प्रयोगानंतर बसमध्ये त्यावर बोलणं निघे. एकदा तर अशाच बोलण्यातून पहिल्या अंकातला एक अख्खा प्रवेश गळला आणि नाटक सुधारलं, असं ते म्हणाले. “टाळ्या सगळेच देतात गं,” मामा म्हणाले, “त्यातून शिकायला काही मिळत नाही.”

अपमानाच्या आक्षेपाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. नकाराने खरा कलावंत संपत नाही. विजय तेंडुलकरांचं ‘गृहस्थ’ 1955 साली रंगभूमीवर आलं आणि प्रेक्षकांनी त्याला थारा दिला नाही. यापुढे नाटक लिहायचं नाही, असं तेंडुलकरांनी तेव्हा ठरवलं होतं. तो निश्चय टिकला नाही. त्यांनी ‘श्रीमंत’ लिहिलं, पुढे 1967 मध्ये ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आलं आणि 1972 हे वर्ष तर ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ या दोन नाटकांनी गाजलं. ‘गृहस्थ’च्या प्रेक्षकांनी भिडेखातर वाहवा केली असती तर पुढचं सगळं असंच घडलं असतं की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. पण तो नकार त्यांच्या आड आला नाही, एवढं नक्की.

प्रेक्षकाला हल्ली धीर नाही, दोन तास एका जागी बसवत नाही, म्हणून तो उठतो, असंही ऐकू येतं. मला ते पटत नाही. महेश एलकुंचवारांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही तिन्ही नाटकं चंद्रकांत कुलकर्णी यांनी 1994 मध्ये एकापाठोपाठ एक अशी सलग सादर केली. दिवसाचा मोठा भाग घेणारा तो प्रयोग लोकांनी बसून पाहिला. विदर्भातलं एक देशपांडे कुटुंब, पडत चाललेला वाडा, सोन्याच्या दागिन्यांवरून होणारी धुसफूस, एवढ्यावर ती माणसं तासन्‌तास बसली. नाटकाने प्रेक्षकाचा मान राखला की प्रेक्षकाला वेळेचं भान राहत नाही.

मग प्रत्येक नावडतं नाटक सोडून उठावं का? मुळीच नाही. उलट, उठण्याच्या हक्काची जबाबदारी इथेच सुरू होते.

सॅम्युएल बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ 1956 च्या जानेवारीत अमेरिकेत पहिल्यांदा झालं ते मायामीत. जाहिरातीत त्याचा गाजावाजा विनोदी नाटक म्हणून केला होता. सुट्टीसाठी आलेले पैसेवाले प्रेक्षक हसायला म्हणून आले, रंगमंचावर दोन फाटकी माणसं एका झाडाखाली कुणाची तरी वाट बघताना पाहिली आणि मध्यंतरापर्यंत त्यांतले बरेच निघून गेले. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नाट्यसंस्थेने हेच नाटक सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात केलं. समोर सुमारे 1,400 कैदी होते. ते शेवटपर्यंत बसले आणि त्यांना नाटक समजावून सांगावं लागलं नाही. वाट बघणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मायामीतला प्रेक्षक मूर्ख होता असं मी म्हणणार नाही. त्याला एक सांगून दुसरंच दाखवलं होतं. पण उठताना त्याने स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो आपणही विचारायला हवा. मी कंटाळले आहे ते नाटकाने कष्ट घेतले नाहीत म्हणून, की ते मला कष्ट घ्यायला लावतं आहे म्हणून? ओळखीची गोष्ट नाही, पात्रं सरळ बोलत नाहीत, शेवट कुठे जाणार कळत नाही, यातलं एकही कारण उठायला पुरेसं नाही. अशा वेळी बसावं. दुसऱ्या अंकात काही उमगेल, किंवा घरी जाताना उमगेल, किंवा वर्षभराने एखाद्या सकाळी उमगेल.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ या मालवणी नाटकाला सुरुवातीला प्रेक्षक जेमतेमच होता. पुढे पु. ल. देशपांड्यांनी ते पाहून मनापासून दाद दिली, मच्छिंद्र कांबळींनी ते नेटाने चालवलं आणि त्याचे हजारो प्रयोग झाले. सुरुवातीला पाठ फिरवणारा आणि नंतर रांगा लावणारा प्रेक्षक एकाच महाराष्ट्रातला होता. आपला पहिला नकार हा शेवटचा निकाल नसतो, हे उठणाऱ्यानेही लक्षात ठेवायला हवं.

राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगातून तर मी कधीच उठत नाही. 1954 पासून चाललेल्या या स्पर्धेत बँकेतले कारकून, शाळेतले शिक्षक, रिक्षा चालवणारी, दुकान सांभाळणारी माणसं कामावरून सुटल्यावर तालमी करून नाटक उभं करतात. तिथे दिवा चुकीच्या जागी पडेल, एखाद्याची मिशी सुटेल, पण कसूर करायचा त्यांचा इरादा नसतो. अपुरेपणा आणि हयगय यांतला फरक पाचव्या रांगेतूनही दिसतो. अपुऱ्या माणसाला वेळ द्यावा, हयगय करणाऱ्याला देऊ नये.

दुसऱ्या अंकात नाटक सुधारेल, या आक्षेपाचं उत्तरही यातच आहे. गोष्ट दुसऱ्या अंकात नक्कीच सुधारू शकते. चांगला नाटककार पहिल्या अंकात धागे पसरून ठेवतो आणि दुसऱ्यात ते ओढून घेतो; त्याला तेवढी मुभा हवीच. पहिला अंक संथ आहे म्हणून उठणाऱ्याने नाटकाची रचनाच समजून घेतलेली नसते. पण ज्या मंडळींनी पहिल्या अंकात कपात चहा घातला नाही ती दुसऱ्या अंकात आपल्याला जवळचं मानतील, असं मानायला कारण नाही. गोष्ट वळण घेते, वृत्ती मध्यंतरात बदलत नाही.

राहिला तिकिटाच्या पैशांचा प्रश्न. चारशे-पाचशे रुपये मोजले आहेत तर पूर्ण बघून वसूल करावेत, असं आपल्याला वाटतं, आणि मध्यमवर्गीय घरात ते वाटणं स्वाभाविक आहे. पण ते पैसे खिडकीवर दिले तेव्हाच गेले. बसून राहिल्याने परत येत नाहीत, उठल्याने जास्त जात नाहीत. हातात उरलेला असतो तो फक्त तासभराचा वेळ, आणि तो अजून आपला असतो. मामांसारख्या माणसाबरोबर मिळालेला तास तर फारच मोलाचा. त्या दिवशी नाटकापेक्षा जास्त नाटक मी व्हरांड्यातल्या त्या बाकावर ऐकलं.

उठण्याचे काही रिवाजही पाळावेत. चालू प्रवेशात उठू नये, मग नाटक कितीही फसलेलं असो. अंधारात मोबाइलचा दिवा लावून, रांगेतल्या दहा जणांचे गुडघे ओलांडून जाणारा माणूस रंगमंचावरून स्पष्ट दिसतो आणि त्या क्षणी जो नट प्रामाणिकपणे काम करत असतो, त्याचीही एकाग्रता मोडते. त्या बहिणीचं काम करणाऱ्या मुलीसाठी तरी आम्ही पडदा पडेपर्यंत बसायलाच हवं होतं. हल्ली मध्यंतर नसलेले दीड तासाचे दीर्घांकही होतात; तिथे उठायचं की बसायचं हा विचार तिकीट काढतानाच करावा आणि आत गेल्यावर शेवटपर्यंत बसावं. बरोबरच्या माणसाला नाटक आवडत असेल तर त्याला ओढून बाहेर काढू नये. आणि अर्धंच नाटक पाहून पूर्ण नाटकावर मत देऊ नये. पहिला अंक पाहिला आणि निघाले, असंच म्हणावं.

याशिवाय आणखी एक गोष्ट करायला हवी, आणि ती मी मामांकडून शिकले. निघताना ते फाटकाकडे न वळता तिकीट खिडकीकडे गेले. नाटकाचे व्यवस्थापक तिथे हिशेब करत बसले होते. मामांनी नमस्कार केला, आपण पूर्वी या धंद्यात होतो एवढं सांगितलं आणि म्हणाले, “आम्ही निघालोय. राग नाही. पुढच्या प्रयोगाला कपात चहा घालायला सांगा. गार असला तरी चालेल, पण असू दे. आणि त्या दाराला मागून टेकू द्या, पोरीला लागेल कधीतरी.”

व्यवस्थापकांनी वही मिटली. क्षणभर त्यांना काय बोलावं ते सुचलं नाही. मग म्हणाले, “काका, असं कोणी येऊन सांगत नाही हो. नुसतेच जातात.” त्यांनी दाराचं कागदावर लिहून घेतलं.

ते नाटक पुढे सुधारलं की नाही, या प्रश्नावर माझं म्हणणं अवलंबून नाही. मराठी नाटकाचा प्रयोग संपल्यावर कलावंत हात जोडून एक गोष्ट बहुतेक वेळा सांगतात: नाटक आवडलं तर इतरांना सांगा, नाही आवडलं तर आम्हाला सांगा. आपण पहिलं करतो. दुसरं कोणी करत नाही, आणि मध्यंतरात उठून गेलेल्याच्या कानावर तर ती विनंतीही पडत नाही.

ज्या मातीत 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’चा प्रयोग केला, तिथला प्रेक्षक 180 वर्षांहून जास्त काळ नाटक बघतो आहे. त्याने नाटक मोठं केलं ते प्रत्येक वेळी टाळ्या वाजवून नाही. आवडलेल्यासाठी पहाटेपर्यंत बसून आणि न आवडलेल्याला तसं सांगून. म्हणून वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे. नाटकाला जात राहा. चांगल्या प्रयोगाला शेवटपर्यंत बसा आणि खरंच भारावलात तरच उभे राहा. कसूर दिसली तर मध्यंतरात शांतपणे उठा, आणि घरी जाण्याआधी तिकीट खिडकीवर दोन मिनिटं थांबून का उठलात ते सांगा.